ओले काजू सोलणारे हात

आई,

आज आपल्या बेड्याला, अंगणाच्या फाटकाला, मी साखळी लावली. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय तू कधी सोडलं नाहीस, तेव्हा तुला हे रुचणार नाही. पण आधी ऐकून घे.

आपल्या डोंगरापलीकडे आता काजूच्या बोंडांची वाइन करतात. जी बोंडं आपण झाडाखाली कुजायला टाकत होतो, त्यांचीच. मुंबई-पुण्याची माणसं येतात, चव घेतात, मग जीपमधून त्यांना त्या गाजलेल्या पिक्चरच्या जागा दाखवतात. आरे-वारेला हिरो धावला ती वाळू, लांज्याला दोघांची ताटातूट झाली तो एसटीचा थांबा, आणि शेवटी आपली पडवी.

शूटिंगचा तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. नायिका ओले काजू सोलताना हवी होती. तिने एक बी उचलली मात्र, कुणीतरी धावलं. चीक लागला तर मॅडमची बोटं भाजतील, पुढचं काम अडेल. मग तुला बसवलं. चेहरा नको, फक्त हात. चिकाने काळी पडलेली, सालं गेलेली तुझी बोटं. एका मुलीने त्यांना गोरा रंग फासला, नायिकेच्या बांगड्या चढेनात म्हणून साबण लावला. मी कॉलेजात जाणारी. "माझ्या आईची बोटं काय लाकडाची आहेत?" म्हणाले, तर तूच मला दटावलंस. "गप बस गो. तिला रडता येतं, मला बिया सोलता येतात. ज्याचं काम त्याने करावं." संध्याकाळी तो रंग निघेना, तर रॉकेलच्या बोळ्याने हात पुसत तू एकटीच हसत होतीस. नंतर पिक्चर कधी लागणार म्हणून विचारत राहिलीस, आणि तो लागायच्या आधीच गेलीस.

आज सकाळी जीप आली. गाइड बाई तुझ्या जागेवर उभी राहून सांगत होती, "मॅडमनी इथे महिनाभर काजू सोलायचा सराव केला. ते हात त्यांचेच."

मी पडवीत आले. म्हटलं, "ते हात माझ्या आईचे आहेत."

"काकू, मॅडम स्वतः मुलाखतीत सांगतात," ती म्हणाली. तिचंही बरोबर, तिला जे शिकवलं ते ती बोलते. पण गॉगल लावलेला एकजण हसून बायकोला म्हणाला, "प्रत्येक गावात असं सांगणारं कुणीतरी भेटतंच." आणि ती बायको तुझ्या विळीवर बसून मला म्हणते, "सेम तसंच सोलून दाखवा ना, व्हिडिओ काढते."

आई, मी ओरडले नाही. तिला उठवलं, विळी घरात नेली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दुपारी वाइनवाल्यांच्या मॅनेजरचा फोन आला. फार गोड बोलला. पडवीला नायिकेच्या नावाची पाटी लावू म्हणाला. मी विचारलं, "त्यावर माझ्या आईचं नाव घालाल?"

"लोकांना ते कशाला हवं, मॅडम?"

मग मी साखळी आणली. आता जीप रस्त्यावरच थांबेल आणि ती बाई लांबून बोट दाखवून तेच सांगेल, हे मला कळतं. तोंड कुणाचं बांधता येत नाही. अंगण मात्र आपलं आहे.

हे लिहून कुठे टाकणार आहे मी? तरी एक सांगायचं राहिलं. आजवर सगळ्यांना सांगत आले की तो पिक्चर मी पाहिलाय. पुरा कधी पाहिला नाही. तुझे हात येतात तिथवर पाहते आणि बंद करते. पुढे त्या पोरीचं काय होतं, मला अजून ठाऊक नाही.