खाचेच्या रंध्याची तीन पाती

बा, मले पाहायला पाहुणे आले तवा सगळ्यात आधी आली ती पोराची आत्याबाई, आणि बंडीतून उतरायच्या आधीच विचारते, "पोरगी उंच हाय ना वो?" मागून पोराचा बाप, काका, आणि शेवटी पोरगा, टोपी हातात धरून. आता मलेच सहा नातवंडं, पण ती टोपी आठवली की मी एकटीच हसत बसते. तुले जाऊन किती वर्षं झाली. हे लिहून राह्यली ते कुठी धाडायचं नाई, माहीत आहे.

पण मले त्या पात्यांचं बोलायचं आहे. त्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेत आपण खाचेच्या रंध्यासाठी पाती घ्यायला गेलो होतो. कपाटाची फळी ज्या खाचेत बसते ती पाडताना जुन्या पात्यानं काठ उधडत होता. लोहार सागाच्या तुकड्यावर रेषांच्या अंगानं पातं चालवून दाखवी, साल कशी लोण्यासारखी निघे. मी म्हटलं, "आडवं चालवा ना भाऊ." रेषा तोडून गेल्यावरच पात्याची लायकी कळते, हे तूच शिकवलं होतं. लोहार तुले म्हणे, "मिस्त्री कोण वो, तुमी का हे?" तू हसला. अर्धा दिवस आडवी चालवून मी तीन निवडली, एक बोटभर रुंद, एक पाऊण, एक अर्ध्या बोटाचं. परत येताना नावेत तू म्हणाला, "हे तुयेच आता. मले लागले त मी मागून घेईन."

त्याच पात्यांनी मी पडवीतलं कपाट केलं होतं. पोराच्या काकानं खाचेत बोट फिरवलं. "एक कुसळ नाई लागत. कोनाचा हात हाये?"

मी चहा घेऊन उभी. तू म्हणाला, "मायाच हात. मीच केलं हे."

आत्याबाईनं माझा तळहात उलटा केला. "घट्टे काऊन एवढे, बाई?"

"धान कांडते ना," तूच बोलला. "हत्याराले त हातबी नाई लावत."

तेवढ्यावरही थांबला नाई. पाती फडक्यात गुंडाळली आणि काकाच्या हातात दिली, "आमची आठवण ठेवा." विचारलं नाई, माझ्याकडं पाहिलंही नाई.

रंधा चालवणारी पोरगी कोण करून नेईल, ही तुझी भीती मले आता कळते. तीन पोरी उजवल्यावर कळणारच. पण अजून टोचते, बा. जत्रेतल्या परक्या लोहारानं मले मिस्त्री म्हटलं, तुझ्या तोंडून ते निघालं नाई.

मायनं स्वयंपाकघरात विचारलं, पोरगा पसंत आहे का. मी लगेच हो म्हटलं, तुम्ही दोघं किती खुश झाले. खरं सांगते, टोपीच्या वर मी पाहिलंच नव्हतं. पाती ज्या घरी चालली त्या घरी मले जायचं होतं. बंडीत बसताना काका म्हणाला, सुपारी घेऊन बुधवारी येतो.