आडवं ठेवलं की चालणारं मशीन

ताई, परवा माझं कॉम्प्युटर थिजलं. बंद पडलं नाही, नुसतं थिजलं. साडीच्या पदरावर मोर काढत होते. त्याची मान अर्धी वळली असताना पडदा जिथल्या तिथे थांबला, माऊस हलेना, की-बोर्ड ऐकेना. हे मशीन मीच जोडलंय, एकेक पार्ट आणून, घरच्या टेबलावर. त्यामुळे ते अडकलं की ज्याच्याकडे तक्रार करावी असं कुणी नसतं. पलसाण्याच्या प्रिंट मिलवाल्याला डिझाइन संध्याकाळपर्यंत हवं होतं, आणि आदल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "बेन, इस बार लेट हुआ तो काम दूसरे को दूँगा." बंद करून चालू केलं, थोडं चाललं, पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "दुकानात नेऊन टाक." मुलगी सुरतेतच वाढलेली, ती गुजरातीतच बोलली, "मम्मी, नवुंज लई ले ने," म्हणजे नवंच घे ना. मला तुमचं नवागामचं स्वयंपाकघर आठवत होतं.

पुढची खोली अंधारी, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांची मशीनं स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडायचात. एका टोकाला कळण्याच्या भाकरीचं पीठ, दुसऱ्या टोकाला उघडा मदरबोर्ड, आणि ओला हात त्या बाजूला न्यायचा नाही अशी सक्त ताकीद. तुमचे यजमान गेल्यावर लोकांना वाटलं, आता दुरुस्तीची पाटी उतरणार. तुम्ही ती खाली घेतलीत, पुसलीत आणि परत लावलीत. मी शेजारच्या माझ्या खोलीत साड्यांचे लोंबते धागे कापत बसायचे. नवीन लग्न झालेलं, दिवसभर घरात एकटी. एक दिवस तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "तुनी नजर चांगली शे. चाल, माले मदत कर." मी जालन्याकडची, तुमची अहिराणी मला तेव्हा निम्मीच कळायची. पण 'चाल' कळलं आणि मी कात्री ठेवून उठले.

एक गिऱ्हाईक अजून डोळ्यांसमोर आहे. माणूस कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून दारात उभा आहे, आत डोकावतोय, आणि विचारतोय, "बेन, कोई भाई नथी?" तुम्ही भाजीला फोडणी देत होतात. गॅस बारीक केलात, हात कोरडे केलेत आणि म्हणालात, "भाई नथी. हुं छुं, ने आ छे." भाई नाही, मी आहे, आणि ही आहे. ही म्हणजे मी. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात आणि परत फोडणीकडे वळलात. तो माणूस समोर बसून माझ्या हातांकडे बघत होता. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. इतका विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता.

आणि ते रागावणं. कामरेजच्या एका दुकानदाराचं मशीन असंच थिजायचं. तुम्ही बाजारात गेला होतात. मी रॅम बदलली, हार्ड डिस्कची केबल बदलली, पंखाही बदलला, सगळं एका दमात. मशीन झक्क चाललं. तुम्ही पिशवी ठेवता ठेवता विचारलंत, "काय बिघाड व्हता?"

मी ऐटीत म्हटलं, "झालं ना चालू!"

"चालू व्हयनं. पन तुले काय समजनं?"

तुम्ही तो जुना पंखा, जुनी केबल, जुनी रॅम, सगळं परत बसवलंत. मशीन पुन्हा थिजलं तेव्हाच तुमचं समाधान झालं. "आते एक एक बदल. एक बदल, देख, मंग दुसरं." मला रडू आलं. चांगलं चाललेलं मशीन कुणी मुद्दाम बिघडवतं का? नाक ओढत ओढत बसले तपासत. केबल निघाली, वरून धड, आत तुटलेली. तुम्ही ताटात मला शेवभाजी वाढलीत, तर्री जरा जास्तच.

परवा तसंच केलं. एक रॅम काढून पाहिली, मग दुसरी. शेजाऱ्याचा पॉवर सप्लाय मागून आणला. गंमत अशी, की उघडून दिवाणावर आडवं ठेवलं की मशीन तासभर सुरळीत चालायचं, आणि झाकण लावून टेबलावर उभं केलं की थिजायचं. वाटलं, आत गरम होत असेल. झाकण काढूनच उभं केलं. थिजलं. मग झाकण लावून आडवं ठेवलं. चाललं! म्हणजे झाकणाचा संबंधच नव्हता, उभं-आडवं हाच फरक. टॉर्च घेऊन आत पाहिलं तर नवं, वजनदार ग्राफिक्स कार्ड एका बाजूने खाली झुकलेलं. उभ्या मशीनमध्ये ते खाचेतून जरासं सुटत होतं. त्याच्याखाली दोऱ्याचं रिकामं रीळ टेकू म्हणून लावलं आणि मोराची मान पुरी केली. उजेड असतानाच डिझाइन गेलं. मिलवाल्याने नुसता अंगठा पाठवला.

तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. परत आले तर तुमच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड, दारात अनोळखी चपला. हे पत्र कोणत्या दारात नेऊन देणार? पण लिहायला बसले खरी, आणि त्याचं कारण फार मोठं नाही. परवा घरात सगळ्यांनी विचारलं, "झालं का चालू?" मी हो म्हटलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. कसं शोधलं, हे कुणी विचारलं नाही. मला ते कुणाला तरी सगळं सांगायचं होतं, बस.