चार जीबीचे गाठोडे

४ मार्च, सोमवार. सकाळी १०.१०
अहो भूगोल विभागप्रमुख बाई, एकतीस वर्षांच्या संसारात तुला कधी नावाने हाक मारली नाही. आता रोजनिशीत मारून काय साधणार?
तू गेलीस, आता तुझी कॉलेजातली केबिन शुक्रवारपर्यंत रिकामी करून द्यायची आहे. संगणकही परत. त्यात मोलाची वस्तू एकच : आजारपणाच्या रजेवर जाण्यापूर्वी तू लेकीसाठी बोलून ठेवलेले ध्वनिमुद्रण. चार जीबी. मेलने जात नाही. इथला ऑपरेटर म्हणाला, काका, पेन ड्राइव्ह आणा, दोन मिनिटांत कॉपी करून देतो. कॉपी माकडालाही जमते. मी ते काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून, शास्त्रशुद्ध आवळून पाठवणार आहे.

५ मार्च
लेकीचा फोन. तिचे म्हणणे, जावयाला करू द्या. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, तो गाठोडे बांधणार! मी ते ध्वनिमुद्रण ऐकले का, असेही तिने विचारले. वेळ नाही म्हणालो. खरोखरच नाही. तुझे खण आवरायचे आहेत. सात पट्ट्या निघाल्या, एकही सरळ नाही.

६ मार्च
पुस्तिका वाचली. फाइली गाठोड्यात आवळणाऱ्या आज्ञेचे नाव ‘टार’. भाषा अडाणी. म्हणे आधी होणाऱ्या गाठोड्याचे नाव द्या, मग आत घालायच्या फाइलचे. जे अस्तित्वात आहे त्याचा मान पहिला, जे व्हायचे आहे ते मागाहून. हा सभ्य क्रम. उघडच छपाईची चूक. समासात पेन्सिलीने दुरुस्त केली.
ध्वनिमुद्रण आजही ऐकायचे राहिले. पडदे काढायचे होते.

७ मार्च. सकाळी ११.४०
फत्ते! एन्टर दाबताक्षणी काम झाले. ‘अशी फाइल नाही’ असे काहीतरी यंत्र पुटपुटले; यंत्रांना शिष्टाचार नसतो. चार जीबीचे पंचेचाळीस बाइट. जावयाच्या अख्ख्या कंपनीला हे साधले नसते. ऑपरेटरला मुद्दाम आकडा दाखवला. तो मटकन खुर्चीत बसला. मत्सराने माणसाचे पाय जातात. मूळ फाइलची दुसरी प्रत ठेवली आहे ना, असे त्याने दोनदा विचारले. मी म्हणालो, प्रती ठेवतो तो, ज्याचा स्वतःवर विश्वास नसतो.
लेकीला मेल रवाना.

८ मार्च, शुक्रवार. दुपारी १
लेकीने फाइल उघडली. आत काही नाही. मग जावई बोलला. तो उर्मटपणे बोलेल या तयारीत मी होतो. तो हळू आवाजात बोलला, त्यामुळे माझी पंचाईत झाली. यंत्र पहिले नाव गाठोड्याचेच समजते. मी आधी तुझ्या ध्वनिमुद्रणाचे नाव दिले, म्हणून यंत्राने त्यावरच एक रिकामे गाठोडे लिहिले.
ऑपरेटर जेवायला न जाता खटपट करीत आहे.

दुपारी ३.२०
हाती काही लागले नाही. लेकीचा पुन्हा फोन.
“बाबा, तुम्ही एकदा तरी ऐकलंत ना? काय म्हणाली आई, तेवढंच सांगा.”
हो म्हणायला तोंड उघडले. फोन ठेवून दिला.
वेळ पुष्कळ होता. लावले असते, तर तुझे बोलणे कधीतरी संपले असते. म्हणून लावले नाही.

दुपारी ४.३०
केबिनला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या.