नळी कुणाकडे आहे?

७ सप्टेंबर, रविवार
तीन तास नेमबाजीच्या रेंजवर होते आणि एकही छर्रा उडवला नाही! आमची भाडेकरीण स्नेहल मला उरवड्याला घेऊन गेली — "काकू, नुसतं बघायला चला." बघायला गेले आणि नाव घालून आले. वय बेचाळीस. हौसेला मोल नसतं!

शिकवणारी गौतमी मॅडम सव्वीस वर्षांची. अंगानं काडी. आज फक्त पिस्तूल टेबलावरून उचलायचं आणि ठेवायचं. नळी निशाणाकडे, बोट ट्रिगरपासून लांब. माझी नळी जरा कलली की लगेच, "काकू, नळी कुणाकडे आहे?" शंभरदा विचारलं असेल, पण आवाज एकदाही चढला नाही. माझ्या ओमला दोनचा पाढा शिकवताना माझा तीनदा चढतो.

१० सप्टेंबर
जेवताना सासऱ्यांनी मॅडमबद्दल विचारलं, "कुनाची पोर ती?"
"उरवड्याची, आबा."
त्यांना ते विचारायचं नव्हतं. मलाही दुसरं काही सांगायचं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार
पहिले दहा छर्रे! नऊ कागदाबाहेर. एक लागला, तोही शेजारच्याच्या कागदाला.

मॅडम हसल्या नाहीत. "नेम येईल. आधी सवय." मग त्यांनी आपलं खऱ्या गोळीचं पिस्तूल दाखवलं. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग वरचा भाग मागे ओढून नळीच्या मागचं गोळीचं घर बघायचं — डोळ्यांनी, मग बोटानं; मॅगझिन काढलं तरी तिथं एक गोळी उरू शकते. बघितलं, टेबलावर ठेवलं, पाणी प्यायल्या, उचललं — आणि परत बघितलं!
"आत्ताच तर बघितलंत," मी म्हटलं.
"मधे हातातून सुटलं होतं ना."
किती साधं, आणि किती चोख! मला ही पोरगी फार आवडली.

२१ सप्टेंबर, रविवार
आज बोलणी खाल्ली. माझ्या शेजारचे निरंजन सर — हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर — कुणाशी तरी बोलायला पिस्तुलासकट मागे वळले. नळी थेट बाकावरच्या लोकांवर. मी पाहिलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला आपण कसं टोकायचं? गप्प राहिले.

"थांबा!" — मॅडम. सगळी रेंज चिडीचूप. पिस्तुलं टेबलावर, सगळे एक पाऊल मागे. सरांना दिवसभर बाहेर बसवलं. बसले की मुकाट!

मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही पाहिलंत?"
"हो."
"मग 'थांबा' तुम्ही म्हणायचं. ज्याला दिसलं त्यानं. इथं लहानमोठं बघायचं नाही."
लाजेनं मान वर होईना. पण घरी येताना वाटलं, हिला आमच्या कासार आंबोलीची सरपंच करायला हवी.

२८ सप्टेंबर, रविवार
दहातले सहा कागदात. माझ्याच कागदात!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी


सकाळी पूजा मांडली. विळे, कोयता, ट्रॅक्टरची चावी आणि मधोमध आबांचं परवान्याचं पिस्तूल, हळदकुंकू लावून. दरवर्षी असंच. घरातले सगळे एकेक करून त्यापुढे डोकं टेकवतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण नळी डोकं टेकवणाऱ्याकडे असते हे आज पहिल्यांदा दिसलं.

ओम वाकला. सात वर्षांचं पोर माझं! कपाळापासून नळी वीतभर. आणि आबा झेंडूचा हार सारखा करायला त्याच पिस्तुलाला हात घालत होते.

"थांबा!"

माझाच आवाज. सासऱ्यांना! ओमला मी ओढून मागे घेतलं.

आबा लालबुंद. "म्यागझिन कवाच काडलंय म्या. रिकामं हाय. सनासुदीचं सासऱ्यावर वरडतीस? त्या पोरीनं हेच शिकिवलं व्हय?" पिस्तूल उचललं, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

नवरा म्हणतो, माफी माग. नाही मागणार! पण पिस्तूल खरंच रिकामं असेल, तर या घरात मी पुन्हा कधी तोंड उघडू शकेन?

२ ऑक्टोबर, दसरा
संध्याकाळी आबांना सोनं दिलं, पाया पडले. त्यांनी आपली मूठ माझ्या हातावर सोडली. आपट्याची पानं नव्हती. गोळी होती.

"आत हुती," म्हणाले. मग ओमला जवळ घेतलं. "तुज्या मॅडमना इचार. माज्या वयाचं मानूस घेत्यात का?"