बुडख्यासकट ऊस

६ नोव्हेंबर
आमच्या लेकीचं, फांग-चिचं लग्न सोळा तारखेला, ओकिनावात. जावई तिथलाच, शिमाबुकुरो. आडनाव म्हणेपर्यंत चहा गार होतो. आपल्याकडे नवरीच्या गाडीच्या टपावर बुडख्यापासून वाढ्यापर्यंत अख्खा ऊस बांधतात, म्हणजे संसार धड सुरू होतो आणि धड शेवटाला जातो. तो मी आपल्या गावाहून, हुवेईहून नेणार. युए-स्या म्हणाली, अहो, तिकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच आहे. म्हटलं, तो सासरचा. माहेरचा नको? बायकोला कळत नाही.

७ नोव्हेंबर
रोपं तपासण्याच्या ऑफिसात गेलो. बाई म्हणाल्या, मुळांसकट ऊस न्यायचा तर कागद लागतात, पंधरा दिवस तरी जातील. म्हटलं, लग्न नऊ दिवसांवर आलंय. म्हणाल्या, मग ऊस राहू द्या. काय हा उद्धटपणा! लेखी तक्रार करणार. उद्यापासून.

११ नोव्हेंबर
नियम स्वतः वाचले (पहिलं पान). सगळी भानगड मातीची आहे. मुळं ब्रशने लख्ख घासली. ब्रश युए-स्याचा निघाला. तिने दात घासल्यावर कळलं. अबोला. तयारीला बरीच शांतता मिळाली.

१३ नोव्हेंबर
‘मासे धरायची काठी’ हे जपानीत आरशासमोर चाळीस वेळा म्हटलं. ऊस गळाच्या पिशवीत फिट्ट. वाढं तेवढं बाहेर येतं. त्यावर टोपी घातली. कोणाच्या बापाला कळणार नाही.

१४ नोव्हेंबर, विमानात
फॉर्मवर विचारलंय, झाडं किंवा झाडांचे भाग आहेत का? ‘नाही’वर खूण केली. शुभकार्यातली वस्तू म्हणजे झाड नव्हे.

१४ नोव्हेंबर, दुपारी
कुत्रा आला, पिशवी हुंगली आणि शेजारी बसला. दमला असावा. युए-स्या दुसऱ्या रांगेत, ओळख नसल्यासारखी. अधिकाऱ्याने टोपी काढली. माझी नव्हे, उसाची.
बाहेर थांबलेल्या फांग-चिला दुभाषी म्हणून आत घेतलं. सोबत व्याहीही आले. मी वीस मिनिटं बोललो: पूर्वज, परंपरा, बापाचं काळीज. तिने दोन वाक्यांत उरकलं. तरी अधिकारी विरघळला! वाकून नमस्कार, खुर्ची, पाणी. सही कुठे करायची तेही बोट धरून दाखवलं. दंड नाही. ऊस त्यांनी ठेवून घेतला. वाणीत जोर लागतो.

१६ नोव्हेंबर
व्याह्यांनी शेतातून बुडख्यासकट ऊस उपटून टपावर बांधला होता. पोरगी गाडीत बसली आणि मला रडू आवरेना. ऊस तसा बरा होता. आमच्यापेक्षा बारीक.
मान मात्र फार. पायऱ्यांवर दोघांनी धरलं. विहीणबाईंनी माशाचे काटे काढून दिले. एकाने संडासापर्यंत सोबत केली.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
कोटाच्या खिशात कार्ड सापडलं. फांग-चिचं अक्षर, जपानी. आभारपत्र असणार. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला आपली भाषा येते, तिला वाचायला दिलं. तिने मोठ्याने, सावकाश वाचलं: हे माझे वडील. यांच्या लक्षात राहत नाही. कृपया रागावू नका, मला फोन करा.
म्हणजे विमानतळावरची दोन वाक्यं ही! आणि व्याहीही तिथेच होते!
डोकं फिरलं. म्हटलं, आत्ता वर जाऊन युए-स्याला जाब विचारतो. तरातरा लिफ्टमध्ये शिरलो. खोलीचा नंबर आठवेना.
परत आलो. मुलीच्या हातात कार्ड तसंच होतं. तिने ते उलटून पाहिलं, मागे खोलीचा नंबर लिहिलेला होता, आणि वरपर्यंत पोचवायला आली.