दाढेचा काहीच गुन्हा नव्हता

अमरावती, ता. १० नोव्हेंबर १९६४

चि. बुधाजीस थोरल्या भावाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. सौ. भागीरथा खुशाल असेल. इकडे सर्व ठीक, म्हणजे मी सोडून सर्व. बगीच्याचा चढ चढताना तुझी डावी दाढ ठणकते, बसलास की थांबते, आणि सोमवारी ती काढणार, हे वाचून माझ्या हातून कप सुटला. (कप तुझ्या वहिनीच्या, सुंदराबाईच्या, माहेरचा होता, तो विषय वेगळा.)

माझेही अगदी असेच होते. पुलाचा चढ लागला की जबडा धरायचा, थांबलो की मोकळा. सुंदराबाई म्हणे, "काम म्हनलं का दुखते, ताट दिसलं का बरं! असा शाना रोग मी नाई पायला!" शेवटी अकोल्याच्या दातवाल्याने दोन दाढा उपटल्या आणि हातावर ठेवून म्हणाला, "मजबूत होत्या." (हे आधी का नाही सांगितले, असे विचारायला तोंडात कापूस होता.) पुढच्या चढावर पुन्हा दुखले, आता दाढ नसलेल्या जागी.

इथल्या डॉक्टरांनी मला निजवून यंत्राने काळजाचा कागद काढला. तो स्वच्छ आला. सुंदराबाई माझ्याकडे बघून हसली. मग त्यांनी दोन लाकडी पायऱ्यांवर मला चढ-उतर करायला लावले. (वर काहीच नव्हते, नुसते चढायचे आणि उतरायचे, सरकारी योजनाच ती.) जबडा धरला. लगेच दुसरा कागद काढला, आणि सुंदराबाईचे हसू गेले. काळजाच्या मांसात म्हणे खबर देणारी नसांची बारीक टोके असतात. रक्त कमी पडले की ती ओरडतात. पण काळीज, डावा हात, जबडा यांची वर्दी मेंदूच्या एकाच टेबलावर जाते, आणि तिथला बाबू नाव चुकवतो. पूल खचतो तिवशाला, दुरुस्तीची गिट्टी पडते वरुडात. माझ्या दाढा अशा फुकट निलंबित झाल्या.

आता जिभेखाली गोळी ठेवतो. सुंदराबाई मला चढावर जाऊ देत नाही, वर दुधावरची साय देते.

तुझा,
डोमाजी

ता. क. दाढ राहू दे. सोमवारच्या आत पहिल्या मोटारीने इकडे ये. थैली भागीरथेला उचलू दे. मी दोन दाढा देऊन शहाणा झालो, तू फुकटात हो.

आणखी ता. क. तुझा कागद माझ्यापेक्षा वाईट निघाला, तर सुंदराबाईपुढे बोलू नकोस. आजारीपणाचा मान मला आत्ता कुठे मिळू लागला आहे. पण ये. अर्धी साय तुझी.