तिसऱ्या तऱ्हेची मुलगी

११ डिसेंबर
शून्य! ‘सूर्य उत्तरेकडे कधी वळतो?’ मी लिहिलं, मकरसंक्रांतीला. उत्तर होतं २१-२२ डिसेंबर. सरांनी माझा पेपर सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणाले, खगोलशास्त्राच्या या पहिल्या कोर्सला तीन तऱ्हेची मुलं येतात. सोपे मार्क हवे असलेली, रॉकेटच्या वेडाची — ‘और तीसरे, पंचांगवाले घर के। इनको कुछ नहीं सिखाया जा सकता।’ विषय बदल म्हणे, संक्रांतीपर्यंत मुदत आहे. वर्ग हसला. हसा!

१२ डिसेंबर
काल रात्री घरी सांगून बसले. बाबा इथे गंगेकाठी, पंचगंगा घाटावर यजमानांकडून संक्रांतीचं स्नान-दान करवतात, त्यांना हे कसं रुचेल? जिथे आपल्या पंचांगाला हसतात तिथे जायचं नाही, नाव काढून टाक, म्हणाले. म्हणजे सर आणि बाबा, दोघांचं एकमत — कारणं मात्र उलटी! मी कुठेही जाणार नाही. स्वतः बघते.
आज सकाळी घाटावर, बाबा जिच्याखाली बसतात त्या मोठ्या छत्रीपाशी उभी राहिले. पलीकडच्या तीरावर विजेचा टॉवर आहे, सूर्य अगदी त्याला चिकटून उगवला.

१७ डिसेंबर
कोहरा. धुक्यात काही दिसलं नाही.

२२ डिसेंबर
आज टॉवरच्या उजवीकडे, मध्ये आणखी एक सूर्य मावेल इतका. दक्षिणेलाच सरकलाय. बाबा म्हणाले, संक्रांतीपर्यंत असाच जाणार.

१ जानेवारी
परत टॉवरपाशी! वळला! संक्रांत अजून लांब आहे. म्हणजे सरच बरोबर — फार राग आला. पण त्यांनी वाचलंय, मी कुडकुडत पाहिलंय. बाबांना बोट करून दाखवलं. ते संकल्प सांगत राहिले, पण मान वळवून पाहिलं.

९ जानेवारी
सरांना तोंडावर सांगितलं, “सर, मैं वही तीसरी वाली हूँ। और यहीं बैठूँगी।” पहिल्या बाकावर जाऊन बसले. नाव काढलं नाही, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांची भीती वाटते, खोटं कशाला लिहू?

१४ जानेवारी
घाटावर पाय ठेवायला जागा नाही. एका यजमानाने विचारलं, पंडितजी, आज से सूरज उत्तर को चले? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “स्नान का पुण्य आज का है। सूरज तो कब का मुड़ गया। हमारी बिटिया ने देखा है। कॉलेज में यही पढ़ती है।”